मिठीचे माप

टाचण्यांची डबी टेबलावरून घसरली आणि गॅरेजच्या सिमेंटवर छन्न करून लवंडली. लुपे वाकली नाही. ती माझ्याकडेच बघत उभी राहिली, आणि तिची छोटी मुलगी पेनिना गुडघ्यांवर सरकत टाचण्या वेचू लागली.

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. शिवलेला कपडा बेतून बघायला ठेवतात ना, तसला. मला डोके नाही, हात नाहीत, पाय म्हणाल तर एक लाकडी दांडा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी कंबर मुठीत मावेल अशी होती. सगळे म्हणत, काय सुबक बांधा आहे! मलाही ते खरे वाटे. शिवणकाम शिकवणाऱ्या एका शाळेत मी उमेदीची वर्षे काढली. मग दांडा डुगडुगू लागला आणि त्यांनी मला मोडक्या खुर्च्यांबरोबर रस्त्याच्या कडेला ठेवून दिले. तिथून लुपेच्या नवऱ्याने मला उचलले, गाडीच्या टपावर बांधले आणि लोगन नावाच्या उपनगरातल्या आपल्या या गॅरेजात आणून उभे केले.

लुपे मूळची दूरच्या सामोआ बेटांवरची. पेनिनाच्या वेळच्या बाळंतपणासाठी तिने आईला इकडे बोलावून घेतले होते. आईचे नाव फुआतिनो. भरदार, उंच बाई. दारातून आत आली की खोली भरल्यासारखी वाटे. गावाकडे ती चर्चच्या गाण्यात पहिल्या ओळीत उभी राहायची. इथे आली आणि तिच्या मापाचा कपडाच मिळेना. दुकानातल्या मुली मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत, आणि तिथे काळ्या पोत्यांसारखे झगे लटकत असत. शेवटी बिचारी जावयाचा पांढरा सदरा घालून रविवारी चर्चला जाऊ लागली आणि शेवटच्या बाकावर बसू लागली.

तो सदरा बघून लुपेने कात्री हातात घेतली. धंदा वगैरे नंतरचे.

पण मित्रांनो, माप घ्यायचे कसे? वडीलधाऱ्या बाईच्या अंगाभोवती टेप फिरवून मोठ्याने आकडा वाचायचा, हे त्यांच्या घरात कुणाला रुचणारे नव्हते. लुपेने एक युक्ती काढली. तिने आईला घट्ट मिठी मारली, तसेच हात पसरून गॅरेजात धावत आली आणि मला मिठी मारली. मी तिच्या हातांत सैल पडलो. मग तिने माझ्या अंगावर जुने टॉवेल गुंडाळले, उशीचा कापूस भरला, वरून आईची कमरेला गुंडाळायची, धुऊन मऊ झालेली लुंगी लपेटली. पुन्हा मिठी. अजून थोडे पोटाशी. पुन्हा मिठी. शेवटी ती हसली आणि म्हणाली, "हं, आता आई झाली."

आयुष्यात मला कुणी पहिल्यांदाच मिठी मारली होती. माझा बांधा सुबक होता तेव्हा टाचण्याच टोचल्या होत्या सगळ्यांनी.

अशा माझ्या अंगावर बेतलेली पुलेतासी, म्हणजे पायघोळ घागरा आणि वर फुगीर बाह्यांचा अंगरखा, घालून फुआतिनो चर्चला गेली आणि पहिल्या ओळीत उभी राहिली. पुढच्या रविवारपासून बायका लुपेभोवती गोळा होऊ लागल्या. चर्चमध्ये गाणाऱ्यांतली मातालेना म्हणाली, "मला पण मार गं मिठी. आणि नीट मार, मागच्या बाजूला बराच माल आहे." लुपे चर्चमधून मिठ्या घेऊन यायची आणि इथे मला रोज नवी बाई करायची. आई लाकडी ठशांनी कापडावर पाने-फुले छापायची, पेनिना माझ्या घागऱ्याखाली लपायची. मला वाटते, माझे खरे तारुण्य ते.

मग हेदर आली. शहरात तिचे दर्शनी काचांचे मोठे कपड्यांचे दुकान होते. कपडे तिला मनापासून आवडले. ती वाईट बाई नव्हती, मित्रांनो. ती एवढेच म्हणाली, की सगळी मापे ठेवू, पण काचेत आणि फोटोत जरा सडपातळ दिसले तर लोक आत येतील.

लुपे दोन दिवस माझ्याभोवती घुटमळत राहिली. मग एका सकाळी तिने माझ्या अंगावरची लुंगी सोडली. टॉवेल काढले, कापूस काढला. मी पुन्हा सुबक झालो, आणि मला थंडी वाजली. फोटो काढायच्या वेळीच फुआतिनो कोकोचा कप घेऊन आत आली. बादलीत पडलेली आपली लुंगी तिने पाहिली, मग मला पाहिले.

"अगंबाई," ती म्हणाली, "एवढी वाळले मी? कुणी जेवायला घालत नाही वाटतं."

सगळे हसले. लुपेही हसली. फुआतिनोने लुंगी उचलली, नीट घडी केली आणि आत घेऊन गेली.

हेदरच्या दुकानातून मोठमोठी कामे येऊ लागली. मापे आता छापील तक्त्यावरून. चर्चमधल्या बायकांनी तो फोटो पाहिला. कुणी भांडले नाही. फक्त रविवारी लुपे पुढे झाली की त्या तिरक्या उभ्या राहून गालाला गाल लावत आणि सरकत. एकदा लुपेने विचारलेच, तेव्हा मातालेना म्हणाली, "आमचं काय गं, तुला आता लहान मिठ्या लागतात." लुपे घरी येऊन हे सांगताना हसायला गेली, पण तिला जमले नाही.

त्या हिवाळ्यात फुआतिनो गावी परतली. गुडघे दुखतात, इथली थंडी सोसत नाही, म्हणाली. विमानतळावर जावई गेला. लुपेला हेदरकडे गाठोडी पोचवायची होती.

पुढे काचेच्या त्या दुकानाला दुसरी कुणी शिवणारी मिळाली. मी कोपऱ्यात उभा राहिलो, माझ्यावर धूळ बसली.

आणि परवा गावाहून लुपेच्या भावाचा फोन आला. गावच्या चर्चचा मोठा सोहळा आहे, आई पहिल्या ओळीत गाणार आहे. लुपे घाईने म्हणाली, पांढरी पुलेतासी मी शिवते, वहिनीला टेपने माप घ्यायला सांग. पलीकडून आईचा आवाज आला, रागाचा नव्हे, अगदी नेहमीचा: "टेप कशाला? तिच्याकडे आहे माझं माप."

म्हणून आज सकाळपासून लुपे मला टॉवेल गुंडाळते आहे. मिठी मारते, सोडते, एक टॉवेल काढते, दोन घालते. पुन्हा मिठी मारते. मला तर आठवते हो, त्या भरदारपणाचा अंश न् अंश आठवतो. पण मला तोंड नाही.

मित्रांनो, वस्तू सांभाळा असे आमच्यासारखे सगळेच सांगतात. मी एवढेच मागतो, की ज्यांच्या मापाने तुमचे हात घडले त्यांना जवळ घेत राहा. हात फार लवकर विसरतात.

पेनिनाने शेवटची टाचणी डबीत टाकली, झाकण लावले आणि वर पाहिले.

"आई, आजी केवढी आहे ते तुला आठवत नाही?"