मेहिटेबलचे डोळे

हे कुणाला पटायचं नाही, हवी तर पैज लावा. मी, एलनेथन क्रो, कनेटिकट नदीकाठच्या गावांतून उभा जन्म बायकांचे चेहरे रंगवत हिंडलो, आणि माझ्या हातच्या एका बाईनं चित्रातून उतरून पाळणा हलवलाय.

खानावळवाल्या केझायाबाईंनी माझ्यापुढे सफरचंदाच्या दारूचा पेला आदळला. "म्हातारबा, आधी ते पाय शेकोटीतून काढा, मग मारा थापा."

पाय मी काढले नाहीत. दिवसभर चिखल तुडवून त्यांच्यात जीवच उरला नव्हता.

"चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन स्टेबिन्सचं घर," मी सांगू लागलो. "त्याची बायको मेहिटेबल. पोरांची ही रांग, पोटात आणखी एक. दिवस भरत आले तसं डीकननं मला तिचं चित्र काढायला बोलावलं. बाळंतपणाचं काय सांगावं!"

"पोशाखाची मला कधी चिंता नसे. पेटीत विलायतेच्या कुणा सरदारणीचं छापील चित्र होतं, काळ्या शाईतलं. गावोगावच्या बायकांना मी तोच रेशमी झगा चढवायचो. वर चेहरा जिचा तिचा."

"मेहिटेबल म्हणाली, 'झगा हवा तो घाला. नाक चुकलं तरी चालेल. डोळे तेवढे माझे काढा. मी नाही राहिले, तर या पोटातल्यानं मला कुठं बघायचं?' एवढं बोलली, खुर्चीत टेकली आणि झोपली."

केझायाबाई पेले पुसत होत्या, त्या थांबल्या. "बसल्या बसल्या?"

"लग्नानंतर पहिल्यांदाच बूड टेकलं असावं बिचारीचं. रोज तेच. डीकन दारातून ओरडायचा, 'अगं, उघड डोळे! झोपलेली बायको भिंतीवर टांगू का?' ती डोळे न उघडता म्हणायची, 'चितारीबुवा, चित्रातलीला जागं ठेवा. मी पडते जरा.'"

"मग?" कोपऱ्यातल्या गाडीवानानं विचारलं.

"मग काय, राहिली ती जागी! पोर रडलं की चित्रातली उतरायची, पाळणा हलवायची, पीठ मळायची. सकाळी बघावं तर रेशमी बाहीला मक्याचं पीठ! एकदा तर चौकट रिकामी. डीकन शोधतोय, आणि ही गोठ्यात धार काढतेय!"

गाडीवानाला हसता हसता ठसका लागला. केझायाबाई हसल्या नाहीत.

"आणि मेहिटेबल?"

"सुखरूप सुटली की! झोप मिळाली ना पोटभर. अजूनही घोरत असेल कुठंतरी. पण डोळे मात्र मी तिचेच काढले. हुबेहूब."

केझायाबाईंनी फडकं खाली ठेवलं.

"खोटं," त्या म्हणाल्या. "मी तिची थोरली. आई त्याच बाळंतपणात गेली. झोपलेल्या बाईचे डोळे तुम्ही पाहिलेत कधी? त्या सरदारणीचे काळेभोर डोळे उचललेत, झग्यासकट. आईचे करडे होते. धाकटीनं आईला पाहिलं ते फक्त भिंतीवर. अजून आरशात बघते आणि म्हणते, मी आईवर गेलेच नाही. गेलीय हो, म्हातारबा. तेच डोळे आहेत तिचे. करडे."