मनोऱ्याच्या पायथ्याचं घर

जागतिक प्रदर्शन भरलंय, पाहुण्यांची रीघ लागलीय, आणि मी कारखान्यात बसून रोज न बांधलेला मनोरा ताटल्यांवर चिकटवते. शिसारी येते अगदी. छापील चित्र पाण्यात भिजवायचं, सुटलेला पापुद्रा चिनीमातीच्या ताटलीवर सरकवायचा, रबरानं खालची हवा काढायची, मग भट्टी. आठवणीच्या वस्तू प्रदर्शनाच्या खूप आधी तयार लागतात, म्हणून आराखड्यावरूनच चित्रं छापून घेतली. पुढे प्रदर्शनाचा तो मनोराच बारगळला. पायासाठी खणलेल्या खड्ड्यात हिरवट पाणी साचलंय. पण छापलेली चित्रं कुठेतरी खपवायला नकोत?

त्या खड्ड्याच्या जागी आमचं घर होतं. मनोऱ्यासाठी पाडलं.

गंमत तर पुढेच आहे. चित्रकारानं त्या जागेच्या फोटोवरच मनोरा रंगवला आणि पायथ्याशी असलेलं आमचं घर पुसायला विसरला. निळं दार, वाकडं धुराडं, सगळं जसंच्या तसं. आमच्याकडे घराचा एकही फोटो नाही. बाबांना हे सांगितलं आणि त्यांनी ध्यासच घेतला.

"एक ताटली आण गं. पण तो दळभद्री मनोरा नको मला. नुसतं घर आण."

काल मी एका ताटलीवरचा मनोरा पात्यानं खरवडून काढला आणि ती हळूच भट्टीत सरकवली. आज बाहेर आली. पांढऱ्या ताटलीत एकटं आमचं घर. डोळे भरूनच आले. फडक्यात गुंडाळत होते, तेवढ्यात कारखान्याचे साहेब मागे येऊन उभे.

"काय लपवताय बाई? बघू."

साहेबांनी ताटली उजेडात धरली.

"अरे वा! काय गोड घर आहे!"

"आमचंच आहे, साहेब. पाडलं ते. बाबांसाठी केलीय ताटली. राहू द्या ना."

"छे हो, नमुना म्हणून लागेल ही. मनोऱ्याला लोक कंटाळलेत. हे बघा कसं हातोहात खपतं! उद्यापासून हेच करा."

ताटली काखेत मारून ते शीळ घालत गेले. मी रिकामं फडकं घडी करून ठेवलं.

घरी पोचले तर बाबांनी टेबल पुसून जागा करून ठेवली होती.

"आणलीस?"

"साहेबांना आवडली. त्यांनी ठेवून घेतली. आता तसल्याच विकणार आहेत."

बाबांनी हातातलं फडकं टेबलावर टाकलं.

"म्हणजे आपलं घर पुन्हा घेतलं म्हण की," ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर थुंकले.