वांगी रंगाची लडी

कुसुमबाई गेल्या हे घरात कळले, त्या सकाळी मी न्हाणीतल्या वरच्या फळीवर होतो. देवराव मेडिकलच्या दवाखान्यातून एकटेच आले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत बाईंच्या चपला. त्यांची धाकटी बहीण सिंधूताई दारात उभी होती. तिने पिशवीकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला. मग कोणाला काही विचारावे लागले नाही.

दुपारी सिंधूताईने विचारले, "दादा, हार घालाले वहिनीचा फोटो कोणता काढू?"

देवरावांनी पेटी उघडली. पेटीत फोटो खूप होते. शेजाऱ्यांची बारशी, गल्लीतले माग, ताजबागची जत्रा, सिंधूताईची लग्नघटिका. कुसुमबाई एकाही फोटोत नव्हत्या. होता तो त्यांच्या लग्नातला, स्टुडिओत काढलेला. त्यावर स्टुडिओवाल्याने ब्रशने गाल गुलाबी केले होते आणि कपाळ दुधासारखे पांढरे.

"हे कुसुम नाही," देवराव म्हणाले.

"तुमच्या लग्नातला तं फोटो हाय ना गा दादा."

"फोटो लग्नातला हाय. बाई हे नाही."

मित्रांनो, मी एक जुना एन्लार्जर आहे. फिल्मवरचे बोटभर चित्र दिव्याच्या उजेडाने मोठे करून कागदावर उतरवायचे, हे माझे काम. माझ्या डोक्यात दिवा आहे, पोटात काच आहे आणि अंगावर तीन घुंड्या आहेत. एक पिवळी, एक राणी रंगाची आणि एक निळसर. त्या फिरवल्या की उजेडाचा रंग बदलतो आणि फोटोतला रंगही बदलतो. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. लाकडी खोक्यातला गवताचा वास तेवढा आठवतो. समजू लागले ते नागपुरात, सीताबर्डीवर गुलाबचंद शेठच्या दुकानात.

देवराव इतवारीत धान्याच्या अडतीवर मुनीम होते. तरुणपणी त्यांना रेल्वेत इंजिनावर जायचे होते. डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले की यांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. इंजिन राहून गेले. पण कॅमेऱ्याचा नाद लागला. काळेपांढरे फोटो ते फार चांगले काढत. पुढे रंगीत फिल्म आली. बाहेर छापायला दिलेले फोटो घरी आले की कुसुमबाई नाक मुरडायच्या.

"हे काय रंग हायेत! आपल्या पाचपावलीतले सगळे लोक कावीळ झाल्यासारखे दिसून राहिले."

"मले तं बरे दिसतात," देवराव म्हणायचे.

"तुमाले तं वांगं अन् आभाळ एकच दिसते."

कुसुमबाई उमरेडच्या विणकर घरातल्या. त्यांच्या माहेरी सूत रंगवायचे काम होते आणि लग्नानंतरही त्या घरी सूत रंगवून गल्लीतल्या मागांना देत. रंगाबाबत त्यांचा डोळा पक्का होता. दोघांनी मिळून ठरवले की फोटो घरीच छापायचे. हात देवरावांचे, डोळे कुसुमबाईंचे.

ते दुकानात आले तेव्हा शेठने त्यांना माझ्याकडे पाहूही दिले नाही. माझ्या शेजारी एक मोठा, उंच एन्लार्जर होता. शेठ त्याच्यावर हात फिरवत म्हणाला, "भाऊसाहेब, हे बडावाला घ्या. कलर कैसा खुलून राहिला, देखा!"

तेव्हा शहरात रंगीत टीव्ही नवे होते. जेवढा भडक तेवढा चांगला, असे सगळ्यांचेच मत होते. कुसुमबाईंनी पिशवीतून सुताची एक लडी काढली. वांगी रंगाची. रंगाऱ्याच्या घरी प्रत्येक रंगाची पहिली लडी नमुना म्हणून जपून ठेवतात. पुढचे सूत त्या लडीशी ताडून पाहतात. सवयीने बाईंनी तीच सोबत आणली होती.

"शेठजी, या लडीचा फोटो दोन्हींवर छापून दाखवा. मग बोलू."

"बाई, लोक बच्चे का फोटो छापतात, शादीचा छापतात. धाग्याचा कोण छापतो?"

"पोरगं कोणत्याही रंगात चालते. लडी नाही चालत."

दुकानाच्या ओट्यावर बाईंनी लडी हातात धरली आणि देवरावांनी फोटो काढला. पुढच्या रविवारी दोघे पुन्हा आले. शेठने दोन्ही फोटो समोर ठेवले. बाई ते घेऊन दाराशी, उन्हात गेल्या. "आतल्या दिव्यात रंग खोटा बोलते," असे त्या म्हणाल्या. मोठ्याचा फोटो चमकत होता. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी मान डोलावली. बाईंनी लडी त्याच्यावर ठेवली आणि हसल्या.

"यानं तं माह्या लडीले वऱ्हाडात नेल्यासारखं नटवलं."

मग लडी माझ्या फोटोवर ठेवली. थोडा वेळ त्यांना लडी कुठे संपते आणि फोटो कुठे सुरू होतो ते शोधावे लागले. मोठ्याच्या दिव्यापुढच्या रंगीत पट्ट्या नागपूरच्या उन्हाळ्यात विटल्या होत्या, हे शेठलाही तेव्हाच कळले.

"हा ल्हानाच घ्या," बाई म्हणाल्या. "न्हाणीतही मावंन."

अशी माझी निवड झाली. मित्रांनो, आयुष्यात माझे कौतुक पुष्कळदा झाले, पण त्या दिवसाएवढे कधी नाही.

दर रविवारी दुपारी अंधार करायला न्हाणीच्या दाराला घोंगडी लागायची. मी फळीवरून खाली पाटावर यायचो. व्होल्टेज कमी झाले की माझा दिवा लालसर होतो आणि फोटो उलट निळसर येतो, म्हणून देवरावांनी माझ्यासाठी स्टॅबिलायझर आणला होता. तरीही बाई बाहेरून ओरडायच्या, "थांबा जी, चक्कीवाल्यानं चक्की चालू केली!" मग आम्ही थांबायचो.

फोटो धुण्याच्या औषधातून निघाला की देवरावांना घाई व्हायची. ओला फोटो घेऊन ते बाहेर धावायचे. बाई त्याकडे पाहायच्याही नाहीत.

"ओल्या सुताचा रंग कोणी पाहते काय? वाळू द्या."

आणि खरेच, वाळल्यावर फोटो वेगळाच दिसायचा. मग त्या लडीचा फोटो आणि लडी दाराशी ताडून पाहत. प्रत्येक फिल्मवर पहिले चित्र लडीचेच असे. लडी जुळली की पुढचे सगळे चेहरे खरे येतात, हा त्यांचा हिशोब होता. त्या सांगत, देवराव घुंडी फिरवत. घुंडीवरचे आकडे त्यांना दिसत. रंग दिसत नसे.

गल्लीतले लोक फोटो घेऊन जाताना म्हणायचे, "आमची सून खरीच अशी दिसते बाप्पा!" यात कधी आनंद असायचा, कधी तक्रार. एकीने तर सावळ्या मुलीचा फोटो परत आणून दिला. कुसुमबाई तिला म्हणाल्या, "मी पण अशीच हावो. मले कोणी परत केलं काय?"

रंगीत कागद महाग होता आणि लवकर मिळत नसे. आधी लोकांचे छापायचे, आपले मागाहून, असे त्यांचे चालायचे. देवराव म्हणायचे, "कुसुम, तुहा एक छापू." त्या म्हणायच्या, "मी कुठं पळून चालली?"

त्या गेल्यावर मी बरेच महिने फळीवरच होतो. माझ्या काचेवर धूळ बसली. कोळ्याने जाळे केले. देवराव न्हाणीत येत, आंघोळ करत आणि वर न पाहता जात. भिंतीवर हारासाठी ठोकलेला खिळा रिकामाच होता. सिंधूताई आली की त्यावरून बोलायची.

एका रविवारी त्यांनी जुन्या फिल्मा काढल्या. एकेक पट्टी खिडकीशी धरून पाहिली. दुकानाच्या ओट्यावरची पट्टी हातात आली तेव्हा ते खाली बसले. तेव्हा आम्ही फक्त लडी मोठी करून छापली होती. बाईंचा चेहरा कागदाच्या बाहेर पडला होता. फिल्मवर मात्र त्या पूर्ण होत्या. उन्हात डोळे बारीक करून, लडी पुढे धरून उभ्या.

देवरावांनी माझी काच पुसली. मला खाली सरकवले, बाई पूर्ण कागदात येतील इतके. फोटो छापला, वाळवला आणि त्याच्याकडे पाहत बसले. बरोबर की चूक, हे त्यांना कळेना. सिंधूताईला दाखवला.

"छान हाय. पण जराशी गोरी काढ ना, दादा. भिंतीवर लावाचा हाय."

देवरावांनी फोटो तिच्या हातातून काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ते उमरेडच्या बसमध्ये बसले आणि कुसुमबाईंच्या थोरल्या बहिणीला, यमुताईंना घेऊन आले. यमुताईही सूत रंगवत. बोटांच्या नखांत रंग बसलेला. त्यांनी कुसुमबाईंच्या पत्र्याच्या डब्यातून लडी काढली, फोटो घेतला आणि कोणी न सांगता दाराशी उन्हात गेल्या.

"चेहरा पाहू नका, बाई," देवराव म्हणाले. "आधी लडी पाहा."

"मले शिकवता काय गा, जावईबापू?" यमुताईंनी लडी फोटोवर ठेवली. "निळं हाय. वांगं नाही झालं अजून."

पिवळी आणि राणी, दोन्ही घुंड्या जराशा मागे घेतल्या. पुन्हा छापला, पुन्हा वाळवला. "जवळ आलं. अजून जरासं." देवरावांनी घुंड्या केसभर फिरवल्या. यमुताई म्हणाल्या, "आता जमंन." देवराव घोंगडीआड आले. कागद ठेवला. बटण दाबले.

माझ्या डोक्यातला दिवा एकदा निळा चमकला आणि गेला.

यमुताईंनी बाहेरून विचारले, "झालं काय?" देवरावांनी बटण पुन्हा दाबून पाहिले.

असा दिवा नागपुरात मिळत नाही. गुलाबचंद शेठने मुंबईला कळवले आहे. नवा दिवा आला तरी त्याचा उजेड थोडा वेगळा असेल, म्हणजे पुन्हा लडीपासून सुरुवात करावी लागेल आणि यमुताईंना पुन्हा उमरेडहून यावे लागेल. जाताना त्यांनी लडी डब्यात बंद केली. देवराव ती रिकाम्या खिळ्याला अडकवायला निघाले होते. "उजेडात ठेवसान तं रंग उडंल," त्या म्हणाल्या. तो जवळ आलेला फोटो तरी लावा, असे सिंधूताई म्हणते. देवराव लावत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला धुळीपासून जपा. नमुना जपा, तो अंधारात ठेवा. आणि जे माणूस घरातल्या सगळ्यांचे फोटो पाहून बरोबर की चूक ते सांगते, त्याचा फोटो आधी छापा. कागद उरेल तेव्हा पाहू, असे म्हणू नका.

फिल्मची पट्टी अजून माझ्या पोटात आहे. देवराव दर रविवारी माझी काच पुसतात. कुसुमबाईंचा फोटो अजून छापायचा राहिला आहे.