पाहुणे आहेत

प्रयोगशाळेत सगळेच तिला वहिनी म्हणत. दोष नणंदेचा. बारकी तिथेच धातूंचे पातळ थर बनवायची, आणि घरची हाक घरी ठेवावी एवढं भान तिला कधीच नव्हतं. पुढे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सरांनीही तीच हाक उचलली.

आज मात्र वहिनीला कुणाच्या हाकेला ओ द्यायचंही सुचत नव्हतं. शेजारच्या सभागृहात खुर्च्या भरत होत्या. शुद्ध तांब्यातही ठसठशीत स्पिन हॉल परिणाम दिसतो, असं सर जगाला सांगणार होते. मोजमाप वहिनीचं. ते टिकलं तर तिची नोकरी कायम. नाही तर कंत्राट संपलं, चला घरी. आणि आलेख शेवटचा बघून घ्यावा म्हणून ती बसली, तर तिला चिन्ह दिसलं. सिग्नल उणे होता. इतके दिवस सगळे त्याच्या आकारावर खूश होते, चिन्हाकडे बघायला सवड कुणाला?

तसं प्रकरण सोपं आहे. शुद्ध तांब्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ सरळ जातात. वाटेत परक्या, जड धातूचा अणू बसलेला असला की त्याच्यावर आपटून एका अंगाने फिरणारे डावीकडे फेकले जातात, दुसऱ्या अंगाने फिरणारे उजवीकडे. मग दोन काठांवर दोन वेगळ्या गर्द्या; हाच तो स्पिन हॉल परिणाम. ह्या परक्या अणूंना प्रयोगशाळेत ‘पाहुणे’ म्हणत. इरिडियमचे पाहुणे असले की सिग्नल अधिक यायचा, बिस्मथचे असले की उणे. थरात इरिडियम नाही, हे तिने तपासलं होतं. बिस्मथ तपासलंच नव्हतं, कारण ज्या पेटीत धातू वितळवून थर बनवतात, तिच्यातून आधीच्या प्रयोगाचं बिस्मथ साफ झालं होतं. म्हणजे, करायला सांगितलं होतं.

ती उठली. बारकी सभागृहाच्या दाराशी पाण्याच्या बाटल्या मांडत होती.

“बारके, तांब्याचा थर घ्यायच्या आदल्या दिवशी मी तुला फोन केला होता. पाहुणे आहेत, साफ करून घे, म्हटलं होतं.”

“हो. केलं की.”

“पेटीतली धातू वितळवायची मूस बदललीस?”

“मूस?” बारकीचा हात थांबला. “वहिनी, मी सुट्टी टाकून घरी गेले. दिवाणखाना झाडला, पडदे धुतले, चांगले कप काढून ठेवले. कुणी फिरकलं नाही. म्हटलं तुझ्या माहेरचे असतील, उगीच कशाला शब्दाला शब्द वाढवा.”

वहिनीला ते लख्ख घर आठवलं. तिने तोंड भरून कौतुकही केलं होतं. घर का आवरलंय, हे विचारायचं काही सुचलं नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

“आता बोलू नकोस,” बारकी हळूच म्हणाली. “कुणाला कळणार आहे?”

“जो स्वच्छ तांबं घेऊन मोजेल त्याला.”

“माझी नोकरी जाईल, वहिनी.”

“माझी आधी जाईल.”

आत सर बोलायला लागले होते. पडद्यावर तांब्याची चकचकीत पट्टी होती. सरांनी थोडं थांबून, चवीने म्हटलं, “ह्या तांब्यात दुसरं काहीही नाही.”

वहिनीने दाराची चौकट घट्ट धरली.

“सर, पाहुणे आहेत.”

अख्ख्या सभागृहाने मागे वळून दाराकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एकाने तर शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून जागा केली. सर तेवढे दारात कुणाला शोधायला लागले नाहीत. त्यांना शब्द कळला होता. त्यांचा चेहरा उतरला.

“कुठले?” त्यांनी विचारलं.

“बिस्मथचे. पेटी साफ झाली नव्हती. निरोप माझा होता, अर्धवट दिला.”

“आणि साफ मी केली नाही,” मागून बारकी म्हणाली.

सरांनी पडदा बंद केला. लोकांकडे बघून ते म्हणाले, “आजचं व्याख्यान होणार नाही. माफ करा.” कागद गोळा करून ते वहिनीच्या शेजारून निघून गेले, आणि कंत्राटाचं काय होणार हे तिला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

खुर्च्या रिकाम्या झाल्या. बारकीने न उघडलेल्या बाटल्या परत खोक्यात भरल्या आणि ती वहिनीजवळ येऊन उभी राहिली.

“चल घरी,” ती म्हणाली. “ते चांगले कप अजून बाहेरच आहेत. आज आपण दोघीच पिऊ त्यांतून चहा.”