पहिलं बक्षीस

रामनगरात नको झालेलं जनावर सोडायचं झालं की लोकांना एकच पत्ता ठाऊक होता: ब्लाउज शिवणारी सुमंगला, म्हणजे गावाची सुमाक्का. हायवेवर ट्रकखाली पाय गेलेलं कुत्रं, पोत्यात भरलेली मांजराची पिल्लं, शिंग मोडलेला आंधळा बैल, सगळं तिच्या परड्यात येऊन पडायचं. आणणारा माणूस चहासुद्धा न घेता परत फिरायचा आणि जाता जाता म्हणायचा, "अक्का, लई पुण्य लागंल बघ तुला." पुण्य शिजवून कुत्र्यांपुढे वाढता आलं असतं तर सुमंगलाला मशीनवर मान मोडून घ्यावी लागली नसती.

घरामागे पत्र्याची शेड, शेडच्या तिन्ही बाजूंना जंगल, एवढाच तिचा आश्रम. मदतीला होती ती प्राथमिक शाळेतली पल्लवी टीचर. शेडच्या खांबाला एक पाटी होती. एकदा एक व्यापारी त्या आंधळ्या बैलाचा भाव करायला आला, तेव्हा सुमंगला कोयता घेऊनच बाहेर आली होती आणि त्याच दुपारी पल्लवीकडून तिने ती पाटी रंगवून घेतली होती. मराठीत आणि खाली कन्नडात: "इथं आलेलं जनावर इथून कापायला जात नाही." व्यापारी पुन्हा फिरकला नाही. सुमंगला काही माळकरी नव्हती. जत्रेला मटण खायची, मासळीवाली आली की बांगडे घ्यायची. पण जे जीव धरून आपल्या दारात आलं त्याला आपण सुरीपुढे ढकलायचं नाही, एवढं तिचं साधं होतं आणि त्यावर ती कुणाशी वाद घालत नसे.

त्या थंडीत बिबट्याने शेडमधून ढवळी उचलली. तीन पायांची कुत्री, ती पळणार तरी कुठे? फॉरेस्टचा गार्ड आला, मातीतले ठसे बघितले आणि उलट तिलाच म्हणाला, "जंगलाच्या तोंडात तुमी ताट वाढून ठेवलाय अक्का. वाग येणार न्हाई तर काय?" मागोमाग पंचायतीचा निरोप आला: शिमग्याच्या आत चारी बाजूंनी जाळीचं कंपाउंड घाला, नाहीतर कुत्री इथून हलवा. हलवा म्हणजे कुठे, ते सांगायची तसदी कुणी घेतली नाही. हलवा म्हणजे हायवेवर, हे न सांगताही तिला कळलं.

मग जाळीसाठी पैसे उभे करायचे दोघींनी ठरवलं आणि नाकी नऊ आले. पल्लवीने कुत्र्यांचा व्हिडिओ टाकला. त्याला बदाम आले, हात जोडलेले आले, रडणारी तोंडं आली, पैसे काही आले नाहीत. हायवेवरच्या हॉटेलात डबा ठेवला, त्यात गिऱ्हाइकांनी बडीशेपेच्या पुड्या टाकल्या. बेळगावहून एका संस्थेची माणसं गाडी घेऊन आली, बॅनर धरून कुत्र्यांबरोबर फोटो काढले, बिस्किटांचं एक खोकं दिलं आणि फोटोत खोकं नीट दिसत नाही म्हणून ते पुन्हा एकदा दिलं. ते गेल्यावर सुमंगला पायरीवर बसून पल्लवीला म्हणाली, "भीक मागायला बसले असते तर निदान कुणी फोटो तरी काढला नसता."

अशा वेळी शिवानंद आला. हा पंचायतीचा माजी मेंबर, रामनगरात त्याचं खतबियाण्यांचं दुकान, आणि कुठल्याही कार्यात पुढे होऊन माईक हातात घ्यायची त्याला भारी हौस.

"अक्का, तू चिंता सोड," तो म्हणाला. "हाफ पिच क्रिकेटच्या मॅची भरवतो. कापणी झालीय, शेतं मोकळी हायत. अणशी, नंदिगड्डे, कॅसलरॉक, खानापूर, सगळीकडच्या टीमा येतील. त्यांची फी सगळी तुझ्या जाळीला. एक रुपाया इकडंतिकडं जायचा न्हाई."

सुमंगलाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत गावाने पहिल्यांदा जनावर सोडून दुसरं काहीतरी तिच्या दारात आणलं होतं. तिने त्याला चहा केला, वर लाडू दिला.

चार दिवसांनी नाक्यावर बॅनर लागला. वर मोठ्या अक्षरांत "मुक्या जीवांच्या मदतीसाठी भव्य क्रिकेट स्पर्धा", मधे गाईला कुरवाळणाऱ्या शिवानंदाचा फोटो आणि खाली लाल अक्षरांत "प्रथम बक्षीस: बोकड".

ती तशीच, गळ्यातली मापाची टेपही न काढता, दुकानात जाऊन उभी राहिली. "अण्णा, हे काय लिवलंयस? मुक्या जीवांसाठी मॅच आनि बक्षीस म्हणून बोकड? लोकं तोंडात शेण घालतील माज्या!"

"आगं, बोकड न्हाई तर टीम न्हाई," शिवानंद शांतपणे म्हणाला. "सगळीकडं बोकडच असतंय."

"कप ठेव की."

"कप काय चाटायचा? आनि रोख ठेवलं तर तेवढे पैसे तुझ्या जाळीतनंच जाणार. बोकड मी माझ्या खर्चानं देतोय. आता तूच सांग."

शिमगा जवळ येत होता. "माझ्या डोळ्यांसमोर नगो आणूस म्हंजे झालं," एवढं म्हणून ती परतली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शिवानंदाचा माणूस बोकड घेऊन तिच्याच दारात! बाजारात स्वस्तात मिळालं म्हणून आधीच घेतलं होतं, दुकानात बांधायला जागा नव्हती, वागाची भीती होती, आणि अक्काकडे शेड आहे हे सगळ्या जगाला माहीत होतं. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बोकडाने मागचा पाय उचलून धरला. खुरात जखम होती आणि जखमेत किडे वळवळत होते.

झालं. तिने शिव्या घालत घालत पाणी गरम केलं. बोकडाला, शिवानंदाला, क्रिकेट काढणाऱ्याला, कुणालाच तिने सोडलं नाही. जखम धुतली, चिमट्याने एकेक किडा काढला, औषध भरलं, जुन्या परकराची पट्टी बांधली. रात्री बाकीच्यांबरोबर त्यालाही घरात, माजघरात घेतलं. बोकड काळा होता, कान तेवढे पांढरे. तिने त्याला नाव ठेवलं नाही. आश्रमातल्या उंदराएवढ्या पिल्लालासुद्धा नाव होतं, पण ह्याला ठेवायचं नाही असं तिने ठरवूनच टाकलं. गावाने मात्र ठेवलं. येताजाता माणसं परड्याच्या काटेरी कुडणावरून विचारायची, "अक्का, पयलं बक्षीस कसं हाय? चारा खातंय न्हवं पयलं बक्षीस?" काहीजण आत येऊन त्याच्या पाठीवर बोटं दाबून बघायचे आणि खुशीत मान हलवायचे.

बोकडाला ह्यातलं काय कळणार? फणसाची पानं घातली की मन लावून खायचा आणि तिच्या मागेमागे फिरायचा. विहिरीवर मागे, चुलीपाशी मागे. ती मशीनवर बसली की पायडलाशेजारी बसून कापडाच्या चिंध्या चघळायचा. एका नवरीच्या ब्लाउजची बाही त्याने फस्त केली आणि सुमंगलाला पदरचं कापड घालावं लागलं. शेडमधली म्हातारी कुत्री, मंजुळा, कुणालाच जवळ येऊ देत नसे, पण ती ह्याला टेकून झोपायला लागली. पाय बरा झाला. पाठ भरली. आणि आपण हे कशासाठी करतोय ते सुमंगलाला चांगलं कळत होतं.

"पाटी तरी काढून ठेवूया का थोडे दिवस?" पल्लवीने विचारलं.

"पाटीनं काय वाकडं केलंय तुझं?" सुमंगला तिच्यावर खेकसली.

शेवटी न राहवून ती पुन्हा शिवानंदाकडे गेली. "अण्णा, हे बोकड राहू दे माझ्याकडं. तू बाजारातनं दुसरं आण. मी शिलाईतनं पैसे फेडते."

शिवानंदाने तिच्याकडे नवलाने बघितलं. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं. "दुसरं आणलं तर ते कापायला चालतंय व्हय गं अक्का?"

घरी येईपर्यंत ती ह्याचं उत्तर शोधत होती, आणि सापडलं नाही म्हणून तिला शिवानंदाचा जास्तच राग आला.

मॅचला ही गर्दी. भाताच्या खुंटांवरून रोलर फिरवून मैदान केलेलं, स्पीकरवर अर्धं मराठी अर्धं कन्नड चाललेलं, भेळवाले, सोडावाले. बोकडाला मांडवाच्या खांबाला झेंडूची माळ घालून बांधलं होतं आणि तो स्वतःच्या गळ्यातली माळ खात होता. सुमंगलाला स्टेजवर खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिला. शिवानंदाने माईकवरून तिला मुक्या जनावरांची आई म्हटलं. आई बोकडाकडे पाठ करून बसली होती.

फायनल कॅसलरॉकने मारली. कॅप्टन झिलू, रेल्वेच्या रुळांवर काम करणारा, दणकट आणि लाजाळू. टाळ्यांच्या कडकडाटात शिवानंदाने सुमंगलाच्या हातात पाकीट ठेवलं. जाळी, खांब, फाटक, सगळं त्यात बसणार होतं. तिने दोन्ही हातांनी ते धरलं. मग त्याने बोकडाचं दावं सोडून झिलूच्या हातात दिलं, आणि बोकडाने पाय रोवले.

झिलूने ओढलं. बोकड हलेना. आणखी दोघे आले, मागून ढकललं, लोक हसायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली. बोकड तिच्याकडे तोंड करून ओरडत होता. एकाने वाकून त्याचा मागचा पाय पकडला.

"त्या पायाला धरू नगो!" सुमंगला खुर्चीवरून ओरडली. "जखम व्हती त्याला!"

सगळा मांडव हसला. झिलू मात्र हसला नाही. तो स्टेजपाशी आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "अक्का, ते तुमच्या मागनं येतंय. टेम्पोपर्यंत जरा येता काय?"

तिने शिवानंदाकडे बघितलं. त्याने मान हलवून, जा की, असं खुणावलं. पल्लवी खाली बघत होती. नाही म्हणावं, पाकीट तोंडावर फेकावं आणि बोकड घेऊन घरी जावं, हे सगळं सुमंगलाच्या मनात येऊन गेलं. मग तिला ढवळी आठवली. मंजुळा आठवली, आंधळा बैल आठवला, हायवे आठवला. तिने पाकीट कमरेला खोवलं आणि उठली.

ती पुढे आणि बोकड मागे. दावं सैल लोंबत होतं, धरायचीही गरज नव्हती. टेम्पोला फळी लावली होती. बोकड फळीपाशी थबकला, म्हणून ती आधी चढली, आणि तो तिच्यामागून टुणकन वर आला. तिने त्याची मान खाजवली. मग ती खाली उतरली, आणि तो तिच्यामागे उतरायच्या आत टेम्पोचा मागचा फाळका लागला. "देव बरं करो तुमचं, अक्का," झिलू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिलू मोटारसायकलवरून तिच्या दारात हजर. हातात पानं लावलेला डबा. "तुमी राखलासा, औषधपाणी केलासा. तुमचा वाटा हाय अक्का. तुमाला चालत नसला तर कुत्र्यांना घाला." बिचारा एवढा लांबून जंगलातल्या रस्त्याने आला होता. डबा त्याच्या अंगावर फेकावा असं तिला वाटलं, आणि तिने त्याला पाणी दिलं.

तो गेल्यावर तो डबा तिला पुरायचा होता. पण कुत्र्यांना वास लागला होता. सगळी तिच्याभोवती उड्या मारत, केकाटत होती. कित्येक दिवस बिचारी हळद घातलेल्या भातावर होती. तिने चूल पेटवली. शिजवून थाळ्यांत वाढलं. सगळ्यांत आधी संपवलं ते मंजुळाने. थाळी चाटून लख्ख केली, मग येऊन सुमंगलाचे हात चाटू लागली. सुमंगलाने हात मागे घेतले नाहीत. ती मोठ्याने रडत होती, आणि कुत्री इतकी खूश होती की तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात जाळी लागली. पंचायतीची माणसं बघून गेली, ठीक आहे म्हणाली. फाटक बसवायच्या वेळी गवंड्याने शेडच्या खांबावरची पाटी काढून हातात धरली.

"अक्का, ही फाटकावर मारू? रस्त्यावरनं चांगली दिसंल."

"नगो," ती म्हणाली. "चुलीत घाल ती."

गवंडी पाटी घेऊन चुलीकडे निघाला. पलीकडे आंधळा बैल जाळीला तोंड लावून गवत हुंगत होता. पाटी गेल्याचं बैलाचा भाव करणाऱ्या त्या व्यापाऱ्याला कळायला वेळ लागणार नव्हता.

"थांब," सुमंगला म्हणाली. "मार फाटकावर. पण मी आत गेल्यावर मार."