रेडिओ बंद करून बोला

भागुजीला आयुष्यात फार काही नको होतं. बंगला नको, गाडी नको, पंचायतीतली खुर्ची तर फुकट दिली तरी नको. त्याला एवढंच हवं होतं, की एकदा, अगदी एकदाच, आपलं नाव रेडिओतून बाहेर यावं आणि ते आपण आपल्या कानांनी ऐकावं. आता तो एकाहत्तर वर्षांचा झाला होता, आणि नाव अजून आलं नव्हतं.

बरं, प्रयत्न कमी केले म्हणावं तर तसंही नाही. फर्माईशीच्या कार्यक्रमाला त्यानं तरुणपणी एकशेसदतीस पोस्टकार्डं धाडली होती. एकशेसदतीस! आणि त्याच्या बायकोनं, फुलाबाईनं, लग्न झालं त्या वर्षी एक कार्ड धाडलं. एकच. त्यावर लिहिलं होतं, "निरगुडसरहून फुलाबाई." आठव्या दिवशी रेडिओतली बाई गोड आवाजात म्हणाली, "निरगुडसरहून फुलाबाई." झालं! तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं घरात वाद कसलाही असो, म्हशीला पेंड किती घालायची असो की पोराला स्थळ कुठलं बघायचं असो, फुलाबाई शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "माजं नाव रेडिओवर आलंय. तुमचं आलंय का?"

आणि ज्या रेडिओतून ते नाव आलं, तो रेडिओ भागुजीनं स्वतः जोडलेला होता. आता बोला!

सगळ्या वस्तीत तेवढा एकच रेडिओ. आतला माल पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला, पेटी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची, आणि आवाज बाहेर यायला पुढं लावलेली आईची पुरणाची चाळण. पाहुणे आले की म्हातारी ओरडायची, "भाग्या, रेडिओ खोल, पुरण गाळायचंय!" मग पोळ्या होईपर्यंत बातम्या बंद.

त्या काळी रेडिओला लायसन लागायचं आणि भागुजीकडं ते नव्हतं. एकदा तपासायला साहेब आला. फुलाबाई तेव्हा नवी नवरी. तिनं रेडिओ उचलला आणि थेट ज्वारीच्या कणगीत घातला. वर पोतं टाकलं. पण बंद करायचा राहिला की हो! साहेब चहाचा घोट घेतोय आणि कणगीतून सनई वाजतीये. साहेबानं कणगीकडं बघितलं, मग फुलाबाईकडं बघितलं. ती पदर सावरून म्हणाली, "औंदा ज्वारी लई खुशीत हाय." साहेब इतका हसला, की चहा सदऱ्यावर सांडला. जाताना म्हणाला, "लायसन काढून घ्या, नायतर पुढच्या वर्षी बाजरी पोवाडे म्हणायची."

तर पोस्टकार्डं का वाचली गेली नाहीत? चूक भागुजीचीच होती, पण ती चूक कुणाला करावी वाटणार नाही, सांगा. संध्याकाळी ओट्यावर सगळी वस्ती रेडिओला जमायची. भागुजीनं कार्ड काढलं, की पंचवीस जणं मानेवरून डोकावणार. "माजं घातलं का?" "माज्या सासूचं ऱ्हायलं!" एका कार्डावर तर सत्तावीस नावं आणि एक बैल होता. गाण्याचं नाव लिहायला जागाच उरायची नाही. मग भागुजी शेवटी बारीक अक्षरात लिहायचा, "उरलेली नावं व गाणं दुसऱ्या कार्डावर." दुसरं कार्ड चार दिवसांनी पोचायचं. रेडिओतल्या बाईनं बिचारीनं करावं काय? आणि स्वतःचं नाव भागुजी सगळ्यात शेवटी लिहायचा. घरधन्यानं आधी पाहुण्यांना वाढायचं, मग आपण बसायचं, अशी त्याची रीत. बऱ्याच कार्डांवर धन्याच्या पानाला जागाच राहिली नाही.

हे सगळं जुनं झालं असतं. पण तीन वर्षांपूर्वी जवळच 'रेडिओ पाणंद' सुरू झाला, आजूबाजूच्या पंधरा-वीस किलोमीटरांपुरता, आपल्या बोलीतला. आणि आता त्यात बोलायला लागली कोण? भागुजीची नात, यशोधरा! दर रविवारी अकरा वाजता तिचा 'आठवणीतला रेडिओ'. लोकांनी फोन करायचा, दोन मिनिटं जुन्या आठवणी सांगायच्या. चारच रविवारांचा कार्यक्रम.

भागुजीनं लगेच वशिला लावला. "यशे, माजा फोन आधी घे."

"आबा, घरच्याला नंबर न्हाई," यशोधरा म्हणाली. "लाईन सगळ्यांना सारखी. तुमीच शिकवलंय ना?"

आपणच शिकवलेलं आपल्याच अंगावर आलं.

आता खरी पंचाईत ऐका. रविवारी शेतीला दिवसाची लाईट, म्हणजे उसाला पाणी द्यायला भागुजी रानात. फोनची रेंजही वस्तीवर नाही, उसाच्या बांधावरच. आणि ऊस म्हटला की बिबट्या. या भागात उसात कुणी मुकाट्यानं जात नाही. काठीला रेडिओ टांगायचा, आवाज मोठा ठेवायचा, मग खुशाल फावडं चालवायचं. माणसाचा आवाज असला की वाघ, बिबट्याला इथं वाघच म्हणतात, आपली वाट बदलतो. रेडिओ पाणंद आल्यापासून तर बाजारभावही तोच सांगतो आणि बिबट्या कुठं दिसला तेही तोच, म्हणून सगळ्या रानांत तोच लागलेला. पाणंदीनं चालत गेलं तर एकच बातमी पाच शेतांतून तुकड्या-तुकड्यानं पुरी ऐकू यायची.

पहिल्या रविवारी भागुजीनं फोन लावला. लागला! आणि काठीवरच्या रेडिओतून असा काही "कुईंऽऽऽ" आवाज निघाला, की शेजारच्या रानातल्या गोरखच्या कोंबड्या भर उन्हात खुराड्यात गेल्या. स्टुडिओत फोन घेणारा पोरगा, संघर्ष, ओरडला, "बाबा, रेडिओ बंद करून बोला!"

"बंद केला तर वाघ येतो!"

"चालू ठेवला तर आवाज घुमतो!"

"मग वाघाला काय सांगू? दोन मिनटं थांब म्हनू?"

फोन कट. दुसऱ्या रविवारी त्यानं रेडिओ गोणपाटात गुंडाळला. मग गोणपाट घुमलं. तिसऱ्या रविवारी रेंज गेली. आज चौथा. शेवटचा.

सकाळपासून भागुजीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. धुतलेला सदरा घालून तो पाणी द्यायला निघाला, तेव्हा फुलाबाई म्हणाली, "अवं, रेडिओवर सदरा दिसत न्हाई."

"दिसू दे नायतर नको दिसू. मला तर ठावं हाय ना."

बांधावर पोचल्यावर फुलाबाईनंच तोड काढली. काठीवरचा रेडिओ तिनं काढून काखेत मारला. "मी ह्यो घिऊन गोरखच्या रानाकडं जाते, दोन बांध पल्याड. म्हंजी घुमायचा न्हाई."

"आन वाघ?"

"तुमी बोलत ऱ्हावा. तोंड बंद करायचं न्हाई. तुमच्या बडबडीनं मी त्रेचाळीस वर्सं हैराण हाय, वाघ दोन मिनटं काय टिकतोय?"

भागुजी हसला, आणि फोन काढायला खिशात हात घातला. त्याच्या ध्यानात आता कुठं आलं. "आगं, पन मग मी ऐकायचं कसं? आयुष्यभर रेडिओला कान लावून बसलो, आन माजं नाव यायच्या टायमाला रेडिओच दोन बांध पल्याड?"

फुलाबाईनं रेडिओ दुसऱ्या काखेत घेतला. मग ती म्हणाली, "मी ऐकते की. आल्यावर सांगीन."

"तू सांगनार! त्रेचाळीस वर्सं सांगतीयासच की."

पण इलाज नव्हता. फुलाबाई गेली. रेडिओचा आवाज लांब लांब जात पुसट झाला. उसाजवळ इतकं शांत भागुजीला कधी वाटलं नव्हतं. मागच्याच महिन्यात याच बांधावरून गोरखचं कुत्रं वाघानं नेलेलं. पाटातलं पाणी खळखळत होतं, तेवढीच सोबत.

त्यानं फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. सतराव्या वेळी संघर्ष म्हणाला, "रेडिओ बंद हाय का?"

"लांब हाय. बायकूबरोबर गेलाय."

"बरं. होल्ड करा. तुमच्याआधी दोघं हायेत."

आली का पंचाईत! होल्ड म्हणजे गप्प, आणि गप्प म्हणजे वाघ. उसाची पानं सळसळली. भागुजीनं फोन कानाला घट्ट धरला आणि उसाकडं तोंड करून सुरू झाला. काय बोलावं सुचेना, म्हणून जे तोंडपाठ होतं तेच आलं: पोस्टकार्डावरची नावं.

"निरगुडसरहून गेणभाऊ! बातम्या लागल्या की टोपी काढून बसायचा. त्याचा भाऊ किसन! सरूबाई! नाटकातल्या सासूला शिव्या घालायची, आन निघताना रेडिओलाच म्हनायची, उद्या येते गं, बघते तुज्याकडं! सरूबाईची तिन्ही पोरं! ढवळ्या बैल!"

कानात टिक्‌ वाजलं, ते त्याला कळलंच नाही. तिकडं यशोधरा म्हणत होती, "नमस्कार, जय भीम, रेडिओ पाणंद. आपण कोण बोलताय?"

"बायडाबाई!" भागुजी गरजला. "आंधळी बायडाबाई! रेडिओतल्या बाईला रोज इचारायची, जेवलीस का गं? आन बाई काय बोलली न्हाई की म्हनायची, रुसली वाटतं, उपाशी आसंल! रातच्याला ओट्यावर भाकरी ठिवून जायची तिच्यासाठी!"

दोन बांध पलीकडं फुलाबाई खिदळली. स्टुडिओत संघर्ष टेबलाखाली गेला. यशोधराचा आवाज हसण्यानं फाटला, "आबा... म्हणजे, श्रोते... आपलं नाव?"

"नावंच सांगतोय की!" आता भागुजीला कळलं, की आपण रेडिओवर आहोत. पण घोडा उधळला होता, आणि तो थांबवायची त्याला इच्छाही नव्हती. ही माणसं एकशेसदतीस कार्डांत मावली नव्हती. आज जागा होती. "कुंडलिक! गावातल्या वाड्यातला! बापाचा मोठा रेडिओ माडीवर कुलपात, म्हनून आमच्याकडं यायचा. आदी ओट्याखाली उभा ऱ्हायचा, मग ओट्यावर बसला, मग चुलीपाशी यिऊन च्या प्याला! आमच्यात च्या प्याला म्हनून घरी मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी परत आला!"

ओढ्याच्या पलीकडच्या रानातून म्हातारा आवाज आला, "हजर हाय रं भाग्याऽऽ!"

भागुजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नावं सुटली ती सुटलीच. किती तरी जणं आता हजर म्हणायला नव्हती. ती त्यानं जरा जास्तच मोठ्यानं घेतली.

स्टुडिओतली घंटा वाजली. दोन मिनिटं संपली. घंटेनंतर यशोधरा कुणाला एक शब्द देत नसे, आज दिला. "आबा, वेळ झाली. तुमचं नाव तेवढं सांगा. पटकन."

भागुजीनं सदऱ्याची कॉलर नीट केली. घसा खाकरला. एकशेसदतीस कार्डं, त्रेचाळीस वर्षं, तीन रविवार. त्यानं तोंड उघडलं.

आणि दहा हातांवर उसात काहीतरी धाडकन हाललं.

"हाऽऽऽड!" भागुजी किंचाळला. "हाड्‌ हाड्‌ हाड्‌!"

उसातून गोरखचं रेडकू बाहेर आलं आणि त्याच्याकडं बघत रवंथ करायला लागलं.

गेलं! सगळ्या भागानं ऐकलं ते "हाड्‌". आता यशोधरा फोन ठेवणार, एवढ्यात दोन बांध पलीकडून, छातीचा भाता फुंकून, म्हसरं परतवणारी आरोळी आली:

"आन भागुजीऽऽऽ! निरगुडसरहून भागुजीऽऽऽ!"

फोननं ती उचलली. आणि मग ती परत आली. आधी गोरखच्या गोठ्यातल्या रेडिओतून: आन भागुजी. मग ओढ्यापलीकडून, कुंडलिकच्या काठीवरून: निरगुडसरहून भागुजी. मग पाणंदीच्या कडेनं, मिरचीच्या रानातून, कांद्याच्या चाळीतून, कुठून जवळून, कुठून लांबून, सगळं शिवार एकामागून एक म्हणत होतं, भागुजी, भागुजी. वाघाच्या भीतीनं लावलेला एकेक रेडिओ.

भागुजी बांधावर मटकन बसला. हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच कळेना. रेडकानं त्याच्या सदऱ्याची बाही चाटली, तरी त्यानं हाकललं नाही.

फुलाबाई रेडिओ काखेत मारून धापा टाकत आली. पहिल्यांदा पाण्याकडं बघितलं. "अवं, पाट फुटला की! सगळं पानी गोरखच्या कांद्यात गेलं!"

"जाऊ दे."

ती त्याच्याजवळ वाकली. "ऐकू आलं का?"

"पाच-सा रानांतनं आलं," भागुजी म्हणाला. आणि उठून, जन्मात पहिल्यांदा स्वतः कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "आता बोल. तुजं कितीतनं आलं व्हतं?"

फुलाबाईनं रेडिओ काठीला टांगला. आवाज मोठा केला. फावडं उचललं.

"माजं एकातनंच आलं व्हतं," ती म्हणाली, "पन तो तुमी जोडलेला व्हता." आणि पाणी वळवायला गेली.