नकाराचा पहिला घास

मित्रांनो, समाज संवादावर उभा आहे आणि आमच्या पाळणाघरातला संवाद माझ्यावर. मी एक जुना अर्धा दरवाजा आहे. माझी एक बिजागरी सैल आहे, तेव्हा समाजाने जरा बेतानेच टेकावं.

जन्मलो तेव्हा मी पूर्ण होतो. मुलं बाहेर पळू नयेत आणि पालकांना आत डोकावता यावं म्हणून सुताराने मला कमरेतून कापलं. वरच्या अर्ध्याचं टेबल झालं. तो निवांत बसून असतो. माझ्या नशिबी दिवसभर ये-जा. ना आत, ना बाहेर. माझ्या काठावर कोपरं टेकून पालक बोलतात. एक बाबा मुलाला एकटेच वाढवतात. ते सगळ्याला मान डोलावतात आणि जिना उतरेपर्यंत विसरतात. एका मावशीची भाषा वेगळी आहे. तिला एखादं वाक्य कळलं नाही, तर पाळणाघराच्या ताई तेच वाक्य मोठ्याने म्हणतात.

ताई मुळात प्रेमळ. पण पालकांशी कसं बोलावं याच्या शिबिराला जाऊन आल्या आणि 'पोरगं शेफारलंय' म्हणायच्या तिथे 'त्याच्यात नेतृत्वगुण आहेत' म्हणू लागल्या. पालक खूश. 'संवादाचं द्वार' म्हणून माझंही कौतुक झालं. बिजागरीकडे कुणी पाहिलं नाही.

मग पिटुकली आली. दीड वर्षाची. आई नर्स. घरी आजोबाच नातीला सांभाळायचे, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला इथे यावं लागलं. चमचा पुढे आला की पिटुकली म्हणे, "नाना." आणि तोंड घट्ट बंद.

"ना ना काय? खायचं," ताई म्हणत.

संध्याकाळी आई यायची. या पायावरून त्या पायावर, नखाने माझा रंग खरवडत.

"जेवली का हो, ताई?"

"भोजनाबाबत तिची भूमिका अजून नकारात्मक आहे."

"म्हणजे नाहीच जेवली."

"मी तसं म्हणणार नाही."

आतलं 'नाना' मला ऐकू येई, बाहेरचं 'नकारात्मक'ही. मी जीव तोडून करकरायचो. ताई म्हणत, वारा सुटलाय.

पिटुकलीची मनगटं काटकुळी झाली. एका संध्याकाळी आई म्हणाली, "उद्याचा दिवस फक्त हिला इथे राहू दे. नोकरी सोडतेय मी. आमच्या घरात कमावणारी मीच आहे, पण काय करू?" त्या रात्री माझ्या काठाला रंग फारसा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी, काळा चष्मा लावून, मला चाचपत आजोबा आले. नातीला न्यायला.

"नाना!" पिटुकली ओरडली.

"बघा," ताई म्हणाल्या, "तुमच्याबरोबर यायलाही नाही म्हणतेय."

"नाही कशाला म्हणेल? नाना म्हणजे मीच की."

ताईंनी हातातला चमचा त्यांच्यापुढे धरला. "मग चमच्याला नाना का म्हणते?"

"घरी पहिला घास माझा. गरम आहे का ते बघायला. मी खाल्ल्याशिवाय बाईसाहेब तोंड उघडत नाहीत. हिच्या आईला नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. नकार देते म्हणून."

"अहो, पोरगी म्हणाली तेच सांगायचं होतं. आईला लगेच उमगलं असतं."

आजोबांनी पहिला घास खाल्ला. पिटुकलीने वाटी संपवली. मग त्यांनी माझ्यावरच रेलून लेकीला फोन लावला. "राजीनामा दिलास का गं? नाही ना? मग फाड तो."

मित्रांनो, दारात थांबलेल्या माणसाला आतली गोष्ट जशीच्या तशी सांगा, आणि त्याच्या घरची रीत आधी विचारून घ्या. जमलंच तर बिजागरीला दोन थेंब तेल द्या.

आता नानांचा पहिला घास ताई खातात. पिटुकली मग जेवते. भातात इतके दिवस मीठ नव्हतं, हेही त्यातच कळलं.